गाळलेलं वाक्य

४ मार्च

प्रिय खडू,

फोनवर तू काय बोलतेस ते मला निम्मं कळतं आणि उरलेल्याला मी 'हो हो' म्हणून वेळ मारून नेतो, हे तुला माहीत आहेच. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्या भल्यामोठ्या पंख्याखाली उभा राहिलो, कान आणखी किती टिकणार? तेव्हा पत्रच बरं. लेक म्हणते, बाबा, जगात पत्रं लिहिणारी आता तुम्ही दोघं भावंडंच उरलात.

मी ठीक आहे. मुकादम मात्र रुसलाय. लेकीने गेल्या आठवड्यात त्याच्या खाण्याचं नवं पोतं आणलं, नेहमीच्याच कंपनीचं, नेहमीच्याच दुकानातून. साहेब वाटीला नाक लावतात आणि मागे सरतात. तुझ्या वहिनीने ह्या कुत्र्याचं नाव मुकादम ठेवलं ते उगाच नाही. ओट्याखाली बसून सगळ्यांच्या कामात खोट काढतो.

चाखल्याशिवाय मी आयुष्यात कुणालाही वाढलेलं नाही. म्हणून चार दाणे तोंडात टाकले. शेवटी शेवटी जरा कडवट लागले. पण ही गेल्यापासून मला चहासुद्धा कडवट लागतो, तेव्हा जिभेवर किती भरवसा ठेवायचा? असो. कालपासून खातोय तो. कसं खायला लावलं ते सांगत नाही, तू हसशील.

तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझा,
दादा


९ मार्च

दादा,

नमस्कार. वाकून करता येत नाही, गुडघे परवानगी देत नाहीत, यावरून त्यांचं काय चाललंय ते समजून घे.

कुत्र्याचं खाणं चाखतोस? लहानपणी मी फळ्याचा खडू खाल्ला म्हणून सत्तरी आली तरी मला खडू म्हणतोस, आणि स्वतः हे उद्योग! उद्या कुणाला सांगू नकोस, माझी वकिलांच्या ऑफिसातली तीस वर्षांची अब्रू जाईल.

चेष्टा पुरे. मुकादम खात नसेल तर डॉक्टरला दाखव. मुकं जनावर उगाच नखरे करत नाही. आणि चहा कडवट लागतो म्हणतोस, तर साखर वाढव किंवा चष्मा लावून डबा बघ. मागे मी आले होते तेव्हा तू साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवलं होतंस.

धाकटे वकीलसाहेब आठवड्यातून दोनदा अजून मला बोलावतात. त्यांच्या नव्या मुलींना प्रतिज्ञापत्र टाइप करता येत नाही. वाक्य कुठे तोडायचं तेच कळत नाही त्यांना.

तुझी,
खडू


१७ मार्च

खडू,

मुकादम गेला.

मंगळवारी उलट्या सुरू झाल्या. बुधवारी पाणी पीत सुटला, भांडंच्या भांडं रिकामं करायचा आणि तिथेच बसायचा. गुरुवारी मी त्याला चादरीत गुंडाळून प्राण्यांच्या दवाखान्यात नेला. तिथल्या बाकावर आणखी दोघं जण तसेच बसले होते. एका बाईच्या मांडीवर टोपलीत दोन मांजरं होती, आणि एक निवृत्त पोस्टमन, त्याची कुत्री त्याच्या पायावर डोकं टेकून. डॉक्टरने तिघांनाही एकच प्रश्न विचारला, खायला काय घालता? तिघांनीही एकाच कंपनीचं नाव घेतलं. डॉक्टर खाली बघून लिहीत राहिला.

मूत्रपिंडं गेली म्हणाला. शुक्रवारी दुपारी संपलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होतो. त्याला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, माझ्यासारखंच झालं असेल त्याचं.

शनिवारी पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. कंपनीने अमुक बॅचचा माल परत मागवला आहे, कच्च्या मालात भेसळ आढळली, ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर. गैरसोय! खडू, मला हा शब्द घशाखाली उतरत नाही.

पोतं अजून ओट्याखाली आहे. बघवत नाही, उद्या टाकून देणार. तू तीस वर्षं कोर्टाचे कागद हाताळलेस. ह्या लोकांना काही विचारता येतं का?

दादा


२० मार्च

दादा,

पोतं टाकू नकोस. आधी हे वाच, मग वाटलं तर रड.

तार म्हणून पाठवावं असं हे पत्र आहे, म्हणून मुद्द्याचंच लिहिते. पोत्याचं तोंड दोऱ्याने बांध, वर चिकटपट्टी लाव, त्यावर तारीख घालून लेकीची सही घे. पोत्यावर बॅच नंबर छापलेला असेल, तो पेपरातल्या नंबराशी ताडून बघ. दुकानाची पावती शोध. दवाखान्याचे सगळे कागद माग, रक्ताचा अहवालसुद्धा. दाण्यांचा नमुना प्रयोगशाळेत जाईल, पण तुझ्या हाताने नाही, साहेबांमार्फत.

साहेबांना विचारलं. एक, कंपनीला आणि दुकानदाराला नोटीस. दोन, अन्नतपासणी खात्याकडे तक्रार, म्हणजे त्यांच्या कारखान्यात कुणीतरी जाऊन बघेल. तीन, ग्राहक न्यायालय. एकट्याने जाण्यापेक्षा ती मांजरवाली बाई आणि पोस्टमन यांना बरोबर घे, तिघांचे कागद सारखे निघाले तर कंपनीला 'योगायोग' म्हणता येणार नाही.

आता कडू तेही सांगते. कायद्याच्या लेखी मुकादम ही वस्तू आहे. खुर्ची मोडली तर खुर्चीची किंमत मिळते, तसं. साहेब म्हणाले, मानसिक त्रासाचं मागू, पण देतीलच असं नाही. मी हे टाइप करत होते तेव्हा 'वस्तू' ह्या शब्दाशी माझी बोटं थांबली. आजवर कधी थांबली नव्हती.

तो माझ्याही पायावर झोपायचा रे.

खडू


२ एप्रिल

प्रिय खडू,

सगळं केलं. बॅच नंबर तोच निघाला. लेकीने पोत्यावर सही करताना हात असा झटकला की मला तिच्या आईची आठवण झाली. तिला वाटतं, पोतं तिने आणलं म्हणून झालं. मी तिला रोज सांगतो की तसं नाही.

मांजरवाली बाई आणि पोस्टमन परवा घरी आले होते. बाई शिकवण्या घेते, त्यामुळे तक्रारीतल्या चुका तांबड्या पेनने काढते. पोस्टमन फारसा बोलत नाही. जाताना म्हणाला, 'घरी गेलो की अजून दार हळू उघडतो, ती दारामागेच झोपायची.'

माझं म्हणणं मी स्वतः लिहून काढतोय. त्यात मी ते चाखल्याचंही लिहिणार आहे. कडवट लागलं होतं, चार मार्चच्या पत्रात तुला लिहिलंही होतं, म्हणजे तो आजारी पडण्याच्या कितीतरी आधी. पुरावाच आहे की!

बाकी ठीक. जेवण जात नाही. संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. अक्षर असं का झालंय म्हणशील, तर हात थोडा कापतो. लेक डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे.

दादा


७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले ती थेट साहेबांकडे गेले.

ते वाक्य काढायचं. चाखलं, कडवट लागलं, हे लिहायचं नाही. अरे, समोरचा वकील उभा राहून काय म्हणेल? 'तुम्ही चाळीस वर्षं स्वयंपाक केलात, तुम्हाला चव बिघडल्याचं कळलं, तरीही तुम्ही ते जनावरापुढे ठेवलंत. मग दोष कुणाचा?' खटला तिथेच बसेल, आणि तुझ्याबरोबर त्या बाईचा आणि पोस्टमनचाही. साहेबांनी नुसती मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं.

हे यापुढे कुणाजवळही काढायचं नाही. लेकीजवळ नाही, त्या दोघांजवळ नाही आणि डॉक्टरसमोर तर मुळीच नाही. चार मार्चचं तुझं पत्र मी वेगळं ठेवलंय, ते कुणाच्या हाती लागणार नाही.

तुझं म्हणणं मीच टाइप करून सोबत पाठवते आहे. 'सदर खाद्य मी नेहमीप्रमाणे प्राण्यास दिले.' एवढंच. खाली सही कर.

आणि जेवण जात नाही म्हणतोस ते साहजिक आहे. वहिनी गेली तेव्हाही तू महिनाभर असाच होतास. हात कापणं, पाय सुजणं, सगळं मनाचं शरीरावर येतं. चार दिवस इकडे ये. मी तुला माझ्या हातचं बेचव जेवायला घालीन, म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकाची किंमत कळेल.

खडू


१९ एप्रिल

प्रिय खडू,

सही करून कागद पाठवला. तुझ्या टायपिंगमध्ये एक काना-मात्रा चुकलेली नाही. पण वाचताना असं वाटलं की हा कुणी दुसराच म्हातारा आहे. 'नेहमीप्रमाणे दिले.' नेहमीप्रमाणे नव्हतं ते. पण बाई आणि पोस्टमन माझ्यावर विसंबून आहेत, म्हणून केली सही.

कंपनीचा माणूस येऊन गेला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी. म्हणाला, 'काका, आम्हाला फार वाईट वाटलं.' पोत्याची किंमत, दवाखान्याचा खर्च, आणि वर काय, तर वर्षभराचं खाद्य फुकट! मी विचारलं, 'कुणासाठी?' तर गडबडला. बदल्यात एका कागदावर सही हवी होती, की ह्या विषयावर कुठे बोलणार नाही. मी त्याला म्हटलं, 'गप्प बसायच्या कागदावर एकदा सही केली आहे, दुसरी नको.' त्याला काय कळणार? चहा न घेता गेला.

डॉक्टरकडे जाऊन आलो. लेकीने ओढूनच नेलं. त्याने विचारलं, खाण्यात काही वेगळं आलं का. मी नाही म्हटलं. म्हणाला, वय आहे, पाणी प्या, मीठ कमी करा. स्वयंपाक्याला मीठ कमी करा सांगतो!

हे पत्र दोन दिवस लिहितोय. मधेच झोप लागते.

दादा


१२ मे

आत्या,

बाबांना गेल्या सोमवारपासून हॉस्पिटलमध्ये ठेवलं आहे. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल, बहुतेक कायमचं. डॉक्टर मला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा विचारत होते, काही विषारी पोटात गेलंय का, आठवा. मी काय आठवणार? शेवटी बाबांनाच विचारलं, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, 'आत्याला विचार, सांगू का.'

याचा अर्थ काय, आत्या?

तुमची भाची


१५ मे

दादा,

लेकीचं पत्र आत्ता आलं. मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, ती डॉक्टरकडे धावत गेली आहे.

दादा, तुला मी डॉक्टरसमोर बोलू नकोस म्हणून लिहिलं ते प्राण्यांच्या डॉक्टरबद्दल! तो आपला साक्षीदार होता, त्याच्या तोंडी ते वाक्य यायला नको म्हणून. तुझ्या स्वतःच्या डॉक्टरबद्दल कोण असं लिहील? मला वाटलं, कळेल. मी तीस वर्षं लोकांच्या वाक्यांतली संदिग्धता काढत आले आणि स्वतःच्या पत्रात 'डॉक्टर' एवढाच शब्द टाकून मोकळी झाले.

आणि चार दाण्यांनी असं होत नाही. खरं सांग, किती खाल्लंस? मला सगळं लिही. आता काहीही झाकायचं नाही.

खडू


२१ मे

प्रिय खडू,

हे लेक लिहून घेते आहे. तिलाही आज पहिल्यांदाच कळतंय, त्यामुळे मधेमधे थांबते.

मुकादम खाईना तेव्हा मी जमिनीवर त्याच्यासमोर बसलो. वाटी मधे ठेवली. एक दाणा मी खायचा, एक त्याला द्यायचा. लेक लहान असताना तिला औषध असंच पाजायचो, आधी मी जिभेवर घ्यायचो. त्याने दोन दिवस माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी मूठभर खाल्लं, चांगलं कुरकुर वाजवून, मिटक्या मारत. तेव्हा त्याने खाल्लं. मग रोज तसंच. आठ-दहा दिवस, दोन्ही वेळ. मला वाटत होतं, अशक्त झालाय, पोटात काही गेलं पाहिजे.

त्याला कळलं होतं, खडू. त्याचं नाक सांगत होतं. मी खाल्लं म्हणून त्याने खाल्लं.

हे मला कुणालातरी सांगायचं होतं. म्हणूनच ते वाक्य लिहिणार होतो. चाखलं एवढंच आधी लिहीन, मग पुढचं सुचेल, असं वाटलं होतं. तू ते काढलंस तेव्हा खरं सांगू, मला बरंही वाटलं. सुटलो असं वाटलं.

डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे आधी कळतं तर बरंच वाचवता आलं असतं.

दादा


२८ मे

दादा,

मी रडले, ते सोड. आता ऐक.

साहेब म्हणतात, आता सगळं बदललं. वस्तूचं नाही, माणसाचं नुकसान झालंय. नवं प्रतिज्ञापत्र द्यायचं, तुझ्या शब्दांत, एक अक्षर न गाळता. पण ते सोपं नाही. पोत्यावर बारीक अक्षरांत छापलंय, 'मानवी सेवनासाठी नाही', तिथे ते अडवतील. दुसरं म्हणजे, ते म्हणतील, पहिल्या कागदात नव्हतं, डॉक्टरलाही सांगितलं नाही, मग हे मागाहून रचलंय. त्याला उत्तर एकच आहे. माझं सात एप्रिलचं पत्र, ते मी लेकीकडून मागवून घेतलंय. मीच तुला गप्प बसायला सांगितलं हे मी कोर्टात उभी राहून सांगेन, पत्र दाखवीन. चार मार्चचंही दाखवीन. साक्षीदाराला पढवलं म्हणून माझं जे व्हायचं ते होईल. साहेबांची वकिलीची सनदही धोक्यात येईल, ते मला म्हणाले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्याशी कमी बोलतात.

मी येते आहे सुनावणीला. वचन देते.

खडू


९ जून

खडू,

येऊ नकोस म्हणत नाही, पण ते करू नकोस. ह्या वयात तुला पोलिसांच्या बाकावर बसलेली मला बघायची नाही.

दादा


१७ ऑक्टोबर

दादा,

कालच निकाल लागला आणि कालच मी परतले. स्टेशनवर लेक मला सोडायला आली, पण तिने माझी पिशवी हातात घेतली नाही. तिला कळलंय.

तिघांनाही पोत्याची आणि दवाखान्याची भरपाई. मानसिक त्रासाचं थोडंसं. कारखान्याची तपासणी व्हावी असा शेरा. पोस्टमनने तुझा हात किती वेळ धरून ठेवला होता! आणि तुझ्या मूत्रपिंडांबद्दल: सिद्ध होत नाही, वादीने स्वतःच डॉक्टरांपासून माहिती लपवली, कारण समाधानकारक नाही.

कंपनीच्या वकिलाने तुला विचारलं, 'डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?' आणि तू, ज्याला एक वाक्य गाळलं तर झोप येईना, तू शपथेवर म्हणालास, 'लाज वाटली. म्हातारा माणूस कुत्र्याचं खातो म्हणून हसतील असं वाटलं.' मागे कुणीतरी खरंच हसलं.

माझ्या पर्समध्ये दोन्ही पत्रं होती. मी तिसऱ्या बाकावर होते. न्यायाधीशांनी विचारलं, 'आणखी कुणाला काही सांगायचं आहे?' साहेब कागद चाळत राहिले. मी पर्सची चेन उघडली होती, दादा. नंतर ती मीच लावली. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होते तुला, पण ते खोटं होईल. मी घाबरले.



खडू


२ नोव्हेंबर

प्रिय खडू,

आज हात बरा आहे, म्हणून माझं मीच लिहितोय. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. तिथली नर्स मी शिजवलेलं जेवून मोठी झालेली, तिची आई आमच्याच हॉस्पिटलात कामाला होती. सुई हळू लावते.

लेक रागावली आहे. मी तिला समजावतोय, वेळ लागेल.

मी ते उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. तुझ्यासाठी, आणि थोडं मुकादमासाठीही. मला शिक्षा हवीच होती, ती अशी आली तर अशी. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, ते तुला दिसलं का? उठू नकोस, असं सांगायला पाहिलं होतं. मान हलवून तसं सांगितलंही. पण खडू, तुझ्यापासून आता काही झाकायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहितो. मान हलवत असतानाही मला वाटत होतं, तू उठशील.

तुझा,
दादा